खोली नंबर एकचा रिकामा दिवस

हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, याची खात्री नाही. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे परीक्षेत उत्तरं लिहिणं, एवढंच मला येतं. शिवाय जे सांगायचं आहे, त्यात मी चांगला दिसत नाही. वाचणाऱ्याचा वेळ घेतल्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. कुठं मी स्वतःची बाजू सावरताना दिसलो, तर तेवढा भाग वगळून वाचा. मी दोनदा खोडलं आहे, तरी काही राहून गेलं असेल.

मी कन्नड तालुक्यातला. वडील मेंढ्या राखतात. बारावीनंतर शहरात आलो, कॉमर्सला प्रवेश घेतला आणि चिकलठाण्यात खोली शोधायला लागलो. तेव्हा मला 'भाडं' हा शब्द माहीत होता, पण कळत नव्हता. कारण आमच्यात उलटं असतं. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतो, आम्ही दोन-तीन रात्री तिथं मुक्काम करतो, खत पडतं आणि शेतकरी आम्हाला धान्य किंवा पैसे देतो. दुसऱ्याच्या जागेत राहायचे पैसे आम्हाला मिळतात.

फोनवर वडिलांना खोलीचं भाडं सांगितलं तेव्हा त्यांनी आकडा परत विचारला. मग म्हणाले, "आन हे आपण त्याला द्यायचं?"

"व्हय."

"त्यो तुला बसवून घेतोय, तर त्यानं नगं का द्यायला?"

मागून आईचा आवाज आला, "त्यो काय तिथं लेंड्या टाकतुय व्हय, पैसे द्यायला?"

दोघंही खूप हसले. मीही हसलो. भाडं मला परवडणारं नव्हतं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

ज्यांच्याकडं खोली बघायला गेलो, त्या मालकांनी मला जिन्याखालची जागा दिली. तिथं पूर्वी सायकली ठेवत. कॉट बसत होती, उभं राहिलं की डोकं पायरीला लागत होतं. त्यांना मी काका म्हणायचो. ते एका कारखान्यातून निवृत्त झालेले, तीन मजल्यांची इमारत बांधून तिच्या भाड्यावर राहणारे. त्यांनी माझं अक्षर पाहिलं, बारावीचे मार्क पाहिले आणि म्हणाले, "भाडं नको देऊ. माझे कागद बघत जा." कागद म्हणजे भाडेकरूंचे करार टाइप करून आणणं, विजेच्या मीटरचे आकडे लिहून ठेवणं आणि रिकाम्या दिवशी फोटो काढणं.

रिकामा दिवस हा काकांचा नियम होता. तो आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

करार नेहमी अकरा महिन्यांचा असतो. भाडेकरूला राहायचं असेल तर अकरा महिन्यांनी नवा करार करायचा. पण काकांना भीती होती, की माणूस एकाच खोलीत सलग राहिला तर एक दिवस म्हणेल, खोली माझी. म्हणून दोन करारांच्या मध्ये ते एक पूर्ण दिवस खोली रिकामी करून घ्यायचे. सगळं सामान बाहेर. किल्ली काकांकडं. मी रिकाम्या खोलीचे चार बाजूंनी चार फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी नव्या करारावर सही, किल्ली परत, सामान आत. बहुतेक भाडेकरू कंपन्यांतली पोरं होती. त्यांचं सामान म्हणजे एक बॅग, एक बादली आणि एक गादी. ती पोरं हा दिवस मजेत काढायची. फोटोत यायला नको म्हणून दारामागं लपायची आणि मी क्लिक केलं की "भूत, भूत" म्हणून ओरडायची.

फक्त खोली नंबर एकला रिकामा दिवस नव्हता. कागदावर असायचा, प्रत्यक्षात नाही. ती तळमजल्यावरची, रस्त्याकडची खोली होती आणि तिच्यात टेलरमास्टर आणि त्यांची बायको राहत. इमारतीला एकच मजला होता तेव्हा आलेले ते पहिले भाडेकरू. मी त्यांना चाचा आणि चाची म्हणायचो. चाचांची शिलाई मशीन खिडकीपाशी होती. कंपनीच्या कामगारांच्या खाकी पँटी ते आखूड करून द्यायचे, फाटलेले गणवेश शिवायचे. काकांचा स्वतःचा कारखान्यातला गणवेशही वर्षानुवर्षं त्यांनीच शिवला होता. चाची मला पाहिलं की विचारायच्या, "खाया क्या?" मी हो म्हटलं तरी त्या ताटली घेऊन यायच्या. पहिल्या वर्षी मेस बंद असायची त्या रविवारी मी त्यांच्याकडंच जेवलो. हे मी मोजून सांगत नाही. त्यांनीही मोजलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा काका जालना रोडवरच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या क्लासला गेले. घर विकत घेऊन भाड्यानं देणं हा धंदा कसा करायचा, याचा क्लास. येताना एक इंग्रजी पुस्तिका घेऊन आले. तिच्यात नुसते शब्द आणि त्यांचे अर्थ होते. काकांच्या डोक्यात एक कल्पना आली होती. कारखान्यातून निवृत्त झालेले त्यांचे दोस्त होते, त्यांच्या हातात निवृत्तीचा पैसा होता आणि प्रत्येकाला एखादा फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यायचा होता. त्यांच्यासाठी दर रविवारी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपणच क्लास घ्यायचा. फी थोडी, पण मान मोठा.

"तू कॉमर्सचा," काका मला म्हणाले. "हे शब्द मराठीत कर. आन प्रत्येकाला एक उदाहरण टाक. माणसाला शब्द कळत नाय, उदाहरण कळतं."

मला त्या कामाचा फार आनंद झाला, हे खरं सांगितलं पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडून काही लिहून मागत होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून ती पुस्तिका तीन वेळा वाचली. वर्षभराच्या भाड्याला घराच्या किमतीनं भागलं की जे येतं त्याला मी 'परतावा' म्हटलं. खर्च वजा जाऊन मालकाच्या हातात राहतं ते 'हातात उरणारं'. भाडेकरू नसताना खोली नुसती पडून राहते त्याला 'रिकामा काळ'. राहण्यानं भिंती आणि फरशी खराब होतात ती 'झीज'. भाडेकरूच्या डिपॉझिटमधून झीज कापता येत नाही, मोडतोड कापता येते, हेही त्यात होतं. ते मी नीट ठळक अक्षरांत लिहिलं.

उदाहरणं मी इमारतीतूनच घेतली. दुसरं घर मला माहीत कुठं होतं? रिकाम्या काळाला दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली घेतली, झिजेला जिना घेतला. मग पुस्तिकेत एक शब्द आला, ज्याचा अर्थ असा होता, की मालकाला जो तोटा होतो पण जाणवत नाही. मी त्याला 'न दिसणारा तोटा' म्हटलं. त्यासाठी उदाहरण सुचेना. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सुचलं तेव्हा अवघड गणित सुटल्यासारखं वाटलं. मी जे लिहिलं ते अजून पाठ आहे:

"एका इमारतीत रस्त्याकडं तोंड असलेली एक खोली आहे. तिच्यात एक वयस्कर जोडपं अकरा वर्षांपासून राहतं. भाडं दर करारात थोडंसंच वाढतं. त्याच खोलीत तीन कॉट टाकून तीन कामगार ठेवले, तर अडीच पट भाडं येईल. जोडपं भाडं कधी चुकवत नाही, म्हणून मालकाला वाटतं आपला तोटा नाही. तोटा आहे. तो दिसत नाही, एवढंच."

काकांनी ते वाचलं. परत वाचलं. मग खिशातून पेन काढून त्याखाली रेघ मारली.

"हे भारी लिवलंस," ते म्हणाले.

दिवसभर मी त्या वाक्यावर खुश होतो.

पहिल्या क्लासला नऊ-दहा जण आले. शेडमध्ये प्रोजेक्टर लावला होता, भाड्यानंच आणलेला. पडदा मात्र चाचांनी शिवून दिला होता. पांढऱ्या दोन चादरी जोडून, चारही बाजूंनी दुमड घालून, वर काठी सरकवायला नेफा ठेवून. काकांनी पैसे विचारले तेव्हा चाचा म्हणाले, "घर का काम है मालिक, उसका क्या लेना." त्या पडद्यावर माझं उदाहरण उमटलं. ते मोठ्यानं वाचायचं काम माझं होतं. मी वाचलं.

पुढच्या रांगेत एक निवृत्त फोरमन बसले होते. काकांचे जुने सहकारी. ते खुर्चीतच वळले.

"ए, थांब थांब. रस्त्याकडंला तोंड असलेली खोली. म्हंजी मास्टरची की रं!"

काका म्हणाले, "उदाहरण हाय ते."

"कसलं उदाहरण? मी येताना खालीच तर बघितली. काय राव, आम्हाला धंदा शिकवता आन तुमच्याच घरात धर्मशाळा?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "त्यांच्याकडनं फी घ्या आधी!" आणखी एक म्हणाला, "आपल्या फीतून तो तोटा भरून काढणार वाटतं." काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी पुढची स्लाइड लावली.

त्याच आठवड्यात काकांनी मला बोलावलं. मास्टरचा करार महिनाअखेरीला संपत होता.

"या खेपेला खोली एकचाबी रिकामा दिवस करू," ते म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा पायजे. लोक बोलतात."

"बरं."

"तूच सांग मास्टरला. माझ्या तोंडून बरं नाय दिसत. तुझं ऐकतात ते."

मी खाली गेलो. चाचा सुईत दोरा ओवत होते. ऐकून त्यांनी दोरा तसाच धरून ठेवला. चाची आतून बाहेर आल्या.

"एक दिन में ये सब कैसा निकलेगा?" त्या म्हणाल्या. "मशीन लोहे की. पलंग है, संदूक है. घुटने देख मेरे."

"इतने साल नहीं किया," चाचा म्हणाले. "अब कायकू?"

आता मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. दुसरा कुणी असता तर बहुतेक गप्प बसला असता, किंवा 'मालकांचा नियम आहे' म्हणून मोकळा झाला असता. पण मला खरोखर वाटत होतं, की यात काही नाही. मी म्हणालो, "चाचा, आमच्यात तर दर तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलतं. घोड्यावर सगळं बांधायचं आन निघायचं. मी पाच दिवसांचा होतो तेव्हा आई मला घेऊन चालली होती. एका दिवसाचं काय एवढं? सामान काढायला मी आहे ना."

चाचांनी दोरा सुईत ओवला. मग हसले. "तू बोलता है तो ठीक है," ते म्हणाले. चाचींना म्हणाले, "चल, बेटी के घर हो आते एक दिन. सिल्लोड." त्यांची मुलगी सिल्लोडला दिलेली होती.

मला आमच्याबद्दल एक गोष्ट माहीत होती, पण ती तेव्हा मनात आली नाही. आम्ही बिऱ्हाड हलवतो कारण पुढच्या रानात कुणीतरी आम्हाला बोलावलेलं असतं.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती लिहिली नाही तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. नवा करार असला की काका मला आठ दिवस आधी सांगायचे. मी बाँड पेपर आणायचो, टाइप करून आणायचो. खोली एकचा करार त्यांनी मला टाइप करायला सांगितलाच नव्हता. रिकाम्या दिवसाला चार दिवस राहिले, मग दोन राहिले. मला ते दिसत होतं. एकदा विचारायला म्हणून मी वरच्या मजल्यापर्यंत गेलो होतो. काकू दारात भाजी निवडत होत्या. "काय रे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, मीटर बघायला आलो." आणि मीटर बघून खाली आलो. जिन्याखालची जागा मला फुकट होती. परीक्षा जवळ होती. हे कारण नाही, पण दुसरं माझ्याकडं नाही.

रिकाम्या दिवशी सकाळी मी आणि वरच्या मजल्यावरची दोन पोरं कामाला लागलो. पलंग, दोन पत्र्याच्या पेट्या, भांड्यांची पोती, मशीन. मशीनला चाचांनी स्वतः गोणपाट गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि गाठ मारताना मला म्हणाले, "ढीली बांधी है. कल खोलनी है ना." मशीन उचलली तेव्हा भिंतीवर तिच्यामागं चौकोनी जागा राहिली होती, जिथला रंग अजून मूळचा निळा होता. बाकी भिंत पांढुरकी झाली होती. सामान अंगणात ताडपत्रीखाली ठेवलं.

मी मोबाइल काढला तेव्हा चाची म्हणाल्या, "रुक." आणि झाडू घेऊन आत गेल्या. गुडघे दुखत असताना त्यांनी सगळी खोली झाडली. कोपऱ्यातले दोऱ्यांचे गुंते हातानं वेचले. पलंगाखालच्या जागेवर ओलं फडकं फिरवलं.

"फोटो में कचरा नहीं आना," त्या म्हणाल्या. "मालिक देखेंगे."

मी चार बाजूंनी चार फोटो काढले. चाचांनी किल्ली माझ्या हातात दिली. दोघं सिल्लोडच्या गाडीत बसली. मी किल्ली काकांना नेऊन दिली आणि फोटो पाठवले.

त्याच संध्याकाळी त्या चारपैकी एक फोटो मी काकांच्या स्टेटसला पाहिला. खाली लिहिलं होतं: हवेशीर खोली, रस्त्याकडची, स्वच्छ, कॉट बेसिसवर, फक्त नोकरदार मुलं.

दुसऱ्या दिवशी दहा-साडेदहाला चाचा-चाची आले. चाचींच्या हातात लेकीनं दिलेला डबा होता. खोलीला नवं कुलूप होतं. दारात तीन लोखंडी कॉट एकावर एक रचून ठेवल्या होत्या. काका जिन्यावरून खाली आले. मी माझ्या जागेच्या दारात उभा होतो.

"मालिक, चाबी," चाचा म्हणाले.

"मास्टर, बसा," काका म्हणाले. बसायला तिथं काही नव्हतं. "तुमचं आमचं काही भांडण नाय. करार संपला. पुढचा मी करत नाय. मला खोली पायजे."

"एक दिन का बोले थे."

"एक दिवस रिकामी करायची, एवढंच बोललो व्हतो. पुढं देईन असं कुठं बोललो?"

"सामान बाहर पड्या है मालिक."

"तुम्हीच काढलं की. तुमच्या हातानं. फोटो हाय माझ्याकडं."

चाची ताडपत्रीकडं गेल्या आणि एक कोपरा उडाला होता तो दगडाखाली घातला. चाचा माझ्याकडं वळले.

"बेटा, तू बोल ना. तूने बोला था ना एक दिन."

मी म्हणालो, "काका..."

एवढंच. त्यापुढचा शब्द तोंडात तयार होता की नव्हता, मला आता सांगता येणार नाही. काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्यो काय बोलंल? ह्यानंच तर लिवलंय सगळं."

चाचांना वाटलं, मी करार लिहितो म्हणून काका तसं म्हणतायत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तेरी गलती नहीं. किसी ने कान भरे मालिक के. गुस्सा उतरने दे, फिर तू समझा. तेरी बात मानते वो. मेरेकू फोन कर, हम आ जाते." मग अंगणात सामान पडलेलं असताना, त्यांनी मला विचारलं, "नाश्ता किया क्या?"

त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. चिकलठाण्यातल्या गल्ल्यांतून त्यांच्यासाठी खोली शोधत फिरलो. 'रूम भाड्याने देणे' अशा पाट्या बऱ्याच होत्या. माझ्या भाषेत तो सगळा रिकामा काळ होता. पहिल्या घरी बाईंनी विचारलं, "फॅमिली आहे का?" मी म्हटलं, "हो, वयस्कर जोडपं, शांत आहेत." त्या म्हणाल्या, "मग काय, या घेऊन. नाव काय त्यांचं?" मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगबाई, खोली कालच गेली की." पाटी तिथंच होती. दुसऱ्या घरी नाव विचारायला थोडा उशीर लागला, इतकंच. तिसऱ्या घरी एक गृहस्थ म्हणाले, "माझी काही हरकत नाही हो, पण बाकीचे भाडेकरू..." बाकीचे भाडेकरू कॅरम खेळत होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पलीकडच्या मोहल्ल्यात खोल्या होत्या, पण मशीन लावायला रस्त्याकडची एकही नव्हती आणि दुसऱ्या मजल्यावर चाचींचे गुडघे चढणार नव्हते.

दुपारी सिल्लोडला जाणारा टेम्पो आला. सामान चढवलं. चाचा ड्रायव्हरशेजारी बसले. जाताना खिडकीतून त्यांनी हात कानाला लावून दाखवला. फोन कर.

मी फोन केला नाही. त्यांचा आला. पहिल्या वेळी मी उचलला आणि म्हणालो, "बघतो चाचा, काकांचा मूड बघून बोलतो." दुसऱ्या वेळीही तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी मोबाइल कॉटवर वाजत राहिला आणि मी अकाउंट्सचं पुस्तक उघडून बसलो. नंतर फोन दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्यानं. दर वेळी मी ठरवायचो, की परीक्षेनंतर काकांशी बोलायचं. परीक्षा झाली. निकाल लागला. मला चांगले मार्क पडले. वडिलांनी गावात पेढे वाटले.

काकांशी मी एकदाच बोललो. म्हणालो, "मास्टरांना परत..." काका म्हणाले, "तुला जिन्याखाली परवडतंय ना?" मी हो म्हणालो.

खोली एकमध्ये दोन पोरं आली, तिसरी कॉट भरलीच नाही. मग त्या दोघांची कंपनीतली कामं सुटली आणि तीही गेली. तेव्हापासून खोली पडून होती. रस्त्यावरून अजूनही कामगार खाकी पँट घेऊन यायचे, खिडकीतून आत बघायचे आणि मला विचारायचे, "मास्टर कुठं गेले?" मी सांगायचो, गावाला. क्लास चालूच होता. पडद्याची दुमड कुठंही उसवली नव्हती. नव्या बॅचला माझं उदाहरण काका स्वतः वाचून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "मालकानं मग काय केलं असंल?" खोली आता रिकामी आहे का, हे कुणी विचारायचं नाही आणि मी सांगायचो नाही.

मी तिसऱ्या वर्षाला गेलो. एके दिवशी दुपारी कॉलेजातून आलो तर अंगणात एक माणूस उभा होता. चाळिशीचा, पायात धुळीनं भरलेली चप्पल. चाचांचे जावई. सिल्लोडला कापसाच्या जिनिंगवर काम करणारे. डिपॉझिट घ्यायला आले होते. इतके महिने ते कुणी मागितलं नव्हतं.

काकांनी मला पावती लिहायला बसवलं. डिपॉझिटमधून रंगाचा खर्च कापला, कारण मशीनमागचा निळा चौकोन झाकायला सगळी भिंत रंगवावी लागली होती. ती झीज आहे आणि झीज कापता येत नाही, हे त्या घरात मलाच सर्वांत चांगलं माहीत होतं. मी 'रंगकाम' असं लिहिलं.

काका वर गेल्यावर जावई पावती घडी करत म्हणाले, "त्यो कन्नडचा पोरगा तूच का?"

"व्हय."

"मास्टर गेले. सव्वा महिना झाला."

मी पेनाला टोपण लावलं. ते उभेच होते. रागावलेले दिसत नव्हते. बाजारातला भाव सांगावा तसं सांगत होते.

"काय झालं नव्हतं तसं. बसून बसून गेले. आम्ही म्हणायचो, मशीन मांडा, आमच्या गल्लीत काम लई हाय. तर गोणपाटाला हात लावू देत नव्हते. भांड्याचं एक पोतं सोडू दिलं नाय. आमच्याच ताटात जेवायचे. म्हणायचे, रिकामा दिवस चालू हाय. सामान मांडलं की दिवस संपला असं व्हईल, मग मालक कशाला घेतील परत. म्हणायचे, पोरगं बोलतंय मालकाशी, त्याचा फोन येऊस्तर असंच राहू द्या."

"फोन..." मी म्हणालो.

"वाजला की आधी विचारायचे, कन्नडवाल्याचा का." त्यांनी पावती खिशात घातली. "मशीन आम्ही नंतर सोडली. गाठ लई ढिली व्हती, नुसती वढली तर निघाली."

ते निघाले. फाटकापाशी जाऊन परत वळले.

"एक राहिलं. सासूबाईंनी विचारायला सांगितलंय. त्यांच्या मनातून जात नाय ते. फोटोत कुठं कचरा दिसला व्हता का? त्या म्हणत्यात, त्यांनी नीट झाडलं नसंल, म्हणून मालक रागावले."